नावाडणीच्या बाह्या

ही माझी मापाची वही आहे. पुढच्या बाजूनं गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली आहेत, छाती, कंबर, मुंढा, बाही. मागची पानं कोरी होती. घरात ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, म्हणून इथं लिहिते आहे. तोंडानं हे मला कोणाला सांगता आलं नाही. चार माणसांत बोलणं तसंही मला जमत नाही.

मला एकच मुलगी. एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला जाते. ती सहावीत असताना तिच्या उजव्या कोपरावर डाळीएवढा पांढरा ठिपका आला. मला वाटलं, जंतांचा असेल. मग दुसरा आला, तिसरा आला, मग ते एकमेकांना जाऊन मिळाले. आता तिच्या दोन्ही हातांवर खांद्यापासून मनगटापर्यंत कोड आहे. तोंडावर नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हे दुखत नाही, दुसऱ्याला होत नाही, यानं तिचं काही बिघडत नाही. मी ते मान हलवून ऐकलं आणि घरी येऊन तिच्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या बदलायला घेतल्या.

शाळेच्या गणवेशाला अर्ध्या बाह्या होत्या. मी कधी कोणाकडं काही मागायला गेलेली बाई नाही, पण तेव्हा शाळेत गेले, मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले आणि पूर्ण बाह्यांची परवानगी घेऊन आले. घरी येऊन पोरीला म्हणाले, "बघ, मिळाली." तिनं दप्तरातून मान वर केली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात हातांचा विषय निघत नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं. मी शिवायचे आणि ती घालायची. गारखेड्यात पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, दिवसभर बायका येतात. दंड उघडे टाकून माप देतात, बाही अजून आखूड घ्या म्हणतात. पोरगी तेव्हा आतल्या खोलीत असते.

हिवाळ्यात नणंदेनं बिडकीनचं एक स्थळ आणलं. मुलगा तिकडंच कंपनीत, घरची शेती, माणसं चांगली. नणंद म्हणाली, "हाताचं आत्ताच कशाला बोलायचं? एकदा पोरगी पसंत पडू दे, मग बघू."

मी हातातल्या कापडाची टीप घालत राहिले. पोरगी आतून म्हणाली, "मग म्हणजे कधी, आत्या? हळद लावायच्या दिवशी?"

"बघा, जीभ कशी चालते हिची," नणंद मला म्हणाली. "वैनी, हिला सांगा, पाव्हण्यांपुढं गप बस म्हणावं."

पाहुण्यांनी यायचा रविवार ठरला. त्याच्या आदल्या रविवारी पोरीचा तो मेळा होता.

ती मोबाइलवर जपानी चित्रकथा वाचते, त्यांची कार्टून बघते. कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणींनाही त्याचं वेड आहे. त्या मेळ्यात पोरं-पोरी त्या कथांमधल्या माणसांसारखे कपडे करून जातात, तिथं स्टेजवर स्पर्धा असते. दर वर्षी ती नुसते फोटो बघायची. यंदा एका दुपारी मी मशीनवर असताना ती येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "मम्मी, मला एक झगा शिवून दे ना."

सातवीपासून तिनं माझ्याकडं एकही कपडा मागितला नव्हता. मी लगेच हो म्हणाले.

तिनं झेरॉक्सच्या दुकानातून चित्र छापून आणलं. काळं-पांढरं, एका बाजूनं जरा पुसट आलेलं. एक बाई नावेत उभी आहे, हातात लांब वल्हं, अंगात पायघोळ झगा, कंबरेला दोरखंड. मी चित्र भिंतीला चिकटवलं आणि शहागंजच्या बाजारात जाऊन कापड आणलं. आता त्या चित्राबद्दल खरं लिहायला पाहिजे. त्या बाईचे हात राखाडी दिसत होते आणि त्यावर पांढरे पांढरे आकार होते. मला ती बाही वाटली. अंगाला तंग राखाडी बाही आणि तिच्यावर पांढऱ्या कापडाची नक्षी. मी पंचवीस वर्षं मशीनवर आहे. मला कुठलंही चित्र दाखवलं की मला त्यात कापडच दिसतं, शिलाई कुठून घेतली असेल तेच दिसतं.

दुसऱ्या कोणाचं काम असतं तर मी विचारलं असतं. गिऱ्हाइकाला मी दहा वेळा विचारते, गळा किती, बाही कुठपर्यंत. पोरीला मी बाहीचं विचारलं नाही. तिच्या बाहीचं आमच्यात काही बोलायचंच नसतं. ती मनगटापर्यंत असते.

झग्याचं अंग शिवून झाल्यावर तिनं तो दोनदा घालून बघितला. कपड्याला बाह्या शेवटी लागतात, तेव्हा त्या नव्हत्याच. ती बिनबाह्यांच्या झग्यात आरशासमोर उभी राहिली, आतल्या खोलीत, दार लावून. हात जरा लांब धरून तिनं स्वतःला बघितलं. मी खाली बसून घेराची टीप घालत होते. ती म्हणाली, "मस्त झालाय मम्मी. असाच पाहिजे होता." मी म्हणाले, "अजून काम बाकी हाय." तिला वाटलं दोरखंडाचं म्हणते आहे.

मेळ्याच्या आदल्या दिवशी ती मैत्रिणीकडं वल्हं रंगवत बसली होती. मी दिवसभर बसून बाह्या केल्या. राखाडी सुती कापड कापलं, त्यावर चित्रातले पांढरे आकार एकेक करून कापून शिवले. लहान-मोठे, कडेला नागमोडी. ते बसवताना मला ओळखीचे वाटत होते. तरी मी थांबले नाही. मला कळलं होतं की नव्हतं, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. मग मुंढ्याला, म्हणजे बाही अंगाला जोडते तिथं, डबल शिलाई मारली, झगा घडी घालून पिशवीत ठेवला.

मेळा बीड बायपासला एका मोठ्या लॉनवर होता. एरवी तिथं लग्नं होतात. आम्ही रिक्षानं पोचलो तेव्हा दहा वाजत होते आणि बाहेरपर्यंत रांग होती. निळ्या केसांची पोरं, शेपट्या लावलेल्या पोरी, पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक जाडा मुलगा, ज्याला वाकता येत नव्हतं म्हणून त्याची बहीण त्याला पाणी पाजत होती. मी साडीत होते. मला वाटलं सगळे माझ्याकडं बघतील, पण माझ्याकडं कोणीच बघत नव्हतं. तिथं साडीच साधी होती.

गेटवर एक बाई पिशव्या तपासत होती. तिनं माझ्या पिशवीतून कात्री काढली.

"मावशी, ही आत जाणार नाही."

शिवणाची कात्री आहे, असं मी पुटपुटले, पण तिला ते ऐकू गेलं नाही. समोरून एक पोरगा माझ्या उंचीची तलवार घेऊन आत गेला, ती फोमची होती. बाईनं कात्रीला चिठ्ठी चिकटवून खोक्यात टाकली. पोरगी हसली. म्हणाली, "मम्मी, तुझं हत्यार जप्त झालं." त्या दिवशीचं तिचं हसणं मला तेवढंच आठवतं.

पोरींना कपडे बदलायला लॉनच्या हॉलमागची खोली दिली होती. दारावर 'वधू पक्ष' असं पितळी अक्षरात लिहिलेलं होतं. आत मोठा आरसा, त्याच्याभोवती दिवे, आणि वीस-पंचवीस पोरींची गर्दी. कोणी डोळ्यांत रंगीत काचा घालत होतं, कोणी केसांच्या टोपाला पिना मारत होतं. पोरीनं कोपरा धरला, मी साडीच्या पदरानं आडोसा केला. तिनं पिशवीतून झगा काढला, झटकला, आणि बाह्या खाली लोंबल्या.

मग तिनं एक बाही हातात घेतली आणि त्या पांढऱ्या तुकड्यांवरून अंगठा फिरवला.

"मम्मी, हे काय?"

"बाह्या. चित्रात हायत तशा."

"चित्रात बाह्या नाहीत. ते तिचे हात आहेत." ती हळू बोलत होती, पण ओठ पांढरे पडले होते. "तिच्या हातांवर डाग आहेत, मम्मी. अंगावरचे. तू डाग शिवलेस?"

मी म्हणाले, "मला कसं कळणार, झेरॉक्स तसली पुसट..."

"काढ या."

"कात्री कुठाय?"

"वर सरकव मग."

सरकणाऱ्या नव्हत्या. मी त्या मापात तंग बसवल्या होत्या, मनगटाला हुक लावले होते. ती म्हणाली फाडते. मी तिचा हात धरला. म्हणाले, डबल शिलाई आहे, अस्तराला पकडलेली आहे, ओढलं तर छातीपर्यंत फाटेल, मग काय घालून जाशील वर? ते खरं होतं. ओढलं असतं तर फाटलंच असतं. पण शिलाई ओढायची नसते, उसवायची असते, आणि माझ्या डाव्या हातातल्या बांगड्यांना सहा सेफ्टीपिना लटकत होत्या. पिनेच्या टोकानं मी आयुष्यभर टाके उसवत आले आहे. हे तिला माहीत नव्हतं. तिला शिवण येत नाही, मीच कधी शिकवलं नाही.

तिनं झगा तसाच घातला. मी मागची चेन लावली. आरशात तिनं बघितलं नाही. तिचा नंबर लांब होता, दुपारी चारनंतरचा. ती वल्हं घेऊन बाहेर गेली, मी म्हणाले मी इथंच बसते.

मग मी त्या खोलीत दिवसभर होते, आणि माझा दिवस कसा गेला मला कळलं नाही. आधी एका मुलीनं विचारलं, "आंटी, पिन आहे का?" मी बांगडीतली काढून दिली. मग तिची मैत्रीण आली, तिचा पट्टा तुटला होता, मी सुई-दोरा काढून चार टाके घातले. मग 'कोपऱ्यात आंटी आहेत' हे सगळीकडं पसरलं. एक जण पंख घेऊन आली, दुसरी अंगरखा. बाहेर लाऊडस्पीकर एवढा होता की जमीन हादरत होती. स्टिकर, पोस्टर, चाव्यांना लावायच्या बाहुल्या असली दुकानं होती म्हणतात, मी काही बघितलं नाही. एका पोरीनं मला बर्फाचा गोळा आणून दिला. मला कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पोरी कापड पुढं करायच्या, मी शिवून द्यायचे. मला बरं वाटत होतं, हे लिहायची लाज वाटते.

दुपारी चारच्या सुमाराला एक हिरव्या केसांची मुलगी आली. घागरा इतका तंग शिवलेला की तिला श्वास घेता येत नव्हता.

"आंटी, कुछ करो ना, मरून जाईन मी स्टेजवर."

मी तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, बांगडीतली पिन काढली आणि कमरेची शिलाई उसवायला लागले. हात आपोआप चालतात. एक टाका सोडून एक उचलायचा आणि दोरा ओढायचा. ती बोलकी होती.

"तुमची मुलगी नावाडीण झालीय ना? माझ्यामागंच नंबर आहे तिचा. मला खूप आवडते ती."

"कोण, माझी पोरगी?"

"नाही हो, नावाडीण! म्हणजे तुमची मुलगी पण. तुम्ही वाचली नाही का ती गोष्ट?"

मी नाही म्हणाले. मग तिनं सांगितलं. नावाडीण नदीत बुडणाऱ्या माणसाला हात धरून वर ओढते. जितकी माणसं वाचवते, तितके पांढरे डाग तिच्या हातांवर उमटतात. गावातले लोक तिला म्हणतात, झाक ते, बघवत नाही. ती झाकत नाही. म्हणून तिच्या झग्याला बाह्याच नसतात.

"बास की, झालं वाटतं," ती म्हणाली. तिनं पोटभर श्वास घेतला आणि माझ्या गळ्यात पडली. "आंटी, तुम्ही तर जादू केली, पिनेनं!" आणि पळाली.

मी पिन पुन्हा बांगडीत अडकवली. बाकीच्या पाच वाटून झाल्या होत्या, ती शेवटची होती.

पाच मिनिटं झाली नसतील, पोरगी दारात आली. छातीवर नंबराचा कागद होता.

"मम्मी, कात्री नव्हती म्हणालीस."

"नव्हतीच."

"तिचा घागरा तू पिनेनं उसवलास, ती सगळ्यांना सांगतेय."

"तिची शिलाई कच्ची व्हती. तुझी डबल हाय."

"किती वेळ लागंल? माझ्या आधी अजून सहा जण आहेत."

तेवढ्या वेळात दोन्ही बाह्या निघाल्या असत्या. एवढं मला माझ्या कामातलं नक्की कळतं.

तिनं हात पुढं केला. "उसव."

खोलीत दोघी-तिघी होत्या, त्या आपापल्या नादात होत्या. दारातून स्टेज दिसत होतं. नवरा-नवरीच्या खुर्च्या काढून तिथं रंगीत पडदा लावला होता. समोर शेकडो पोरं, आणि प्रत्येकाचा मोबाइल वर.

मी म्हणाले, "समदे फोटो काढतेत. हे कुठं कुठं जाईल, कोण कोण बघंल? पाव्हण्यांचा रविवार तोंडावर आलाय बाई."

"बघू दे ना. बघून यायचं नसंल तर नका येऊ म्हणावं."

"तुला नाय कळत अजून."

"मला कळतंय, मम्मी. म्हणून तर हिला निवडलं." तिचा हात तसाच पुढं होता. "आत्यानं सांगायचं नाही, पप्पांनी नाही, तू नाही. मग मी असंच सांगणार होते. एकदाच."

मी डाव्या हातावर पदर ओढून घेतला. बांगड्या पदराखाली गेल्या. एवढंच मी केलं. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला दुसऱ्या कोणाकडून पिन मागता आली असती, उसवूनही घेता आलं असतं. खोलीत पोरी होत्या. तिनं मागितली नाही.

"राहू दे," ती म्हणाली आणि गेली.

तिचा नंबर पुकारला तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ती वल्हं घेऊन स्टेजवर आली. दोन पावलं टाकली, वल्हं टेकवलं आणि उभी राहिली. बाकीचे उड्या मारत होते, ओरडत होते. ती नुसती उभी होती. तरी टाळ्या पडल्या. माइकवाला तरुण तिच्याजवळ गेला आणि बाह्या निरखायला लागला.

"अरे वा! हे डाग बघा मित्रांनो! पेंट आहे का हा?"

"नाही. कापड आहे," ती म्हणाली. "मम्मीनं शिवलंय."

"हातानं? एकेक? मम्मी आल्यात का? कुठं आहेत?"

तिनं हात वर करून माझ्याकडं बोट दाखवलं. सगळी गर्दी वळली. शेकडो तोंडं माझ्याकडं, शेकडो मोबाइल. "मम्मीसाठी टाळ्या!" तो ओरडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती हिरव्या केसांची मुलगी उड्या मारून ओरडत होती, "आंटी! आंटी!" मी पदर डोक्यावरून पुढं ओढला. मला पळून जायचं होतं, पण मागं वधू पक्षाची खोली होती आणि तिला दुसरं दार नव्हतं.

शिवणकामाचं बक्षीस आम्हाला मिळालं. प्लॅस्टिकची शील्ड होती, सोनेरी रंगाची. पोरीनं ती घेतली, खाली उतरली, माझ्या हातात दिली. "घे. तुझी आहे."

गेटवर त्या बाईनं मला लगेच ओळखलं. "मावशी, तुमची कात्री." रिक्षात मी शील्ड आणि कात्री दोन्ही मांडीवर घेऊन बसले. पोरीनं झगा बदललाच नव्हता. ती पूर्ण रस्ता बाहेर बघत होती. सिग्नलला एका गाडीवरच्या लेकरानं तिच्या बाहीला हात लावला आणि त्याच्या आईनं त्याला ओढून घेतलं. पोरीनं मान वळवली नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक चुलता. पोहे झाले, चहा झाला. नणंदेनं शोकेसमधली शील्ड काढून दाखवली. "आमच्या वैनींच्या हाताला लई गुण हाय. पाचशे पोरांत बक्षीस." पाचशे तिनं स्वतःच ठरवले. मग मोबाइलवरचा पोरीचा मेळ्यातला फोटो उघडून मुलाच्या आईच्या हातात दिला.

त्या बाईनं फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे हातावर पांढरं पांढरं काय हाय हो?"

मी हातातली बशी खाली ठेवली. पोरगी ट्रे घेऊन तिथंच उभी होती, पूर्ण बाह्यांच्या गुलाबी ड्रेसमध्ये.

"नक्षी हाय ती, कापडाची," नणंद म्हणाली. "वैनींनीच शिवलीय."

"व्हय का! बया, मला वाटलं कोडबिड हाय की काय!" ती बाई छातीला हात लावून हसली. सगळे हसले. तिचा नवरा म्हणाला, "हिला चष्मा करा आधी." पुन्हा सगळे हसले. मीसुद्धा हसले. तोंडावर पदर धरून का होईना, हसले.

पोरीनं रिकाम्या बशा गोळा केल्या आणि आत गेली.

दोन दिवसांनी पसंती आल्याचा फोन आला. तिचे वडील कामावरून आले, त्यांनी तिला विचारलं, तुझं काय? मला वाटलं होतं ती भांडेल. मी भांडणाची वाट बघत होते. ती म्हणाली, "हो सांगा." भाजी निवडत होती, निवडतच राहिली. वडिलांनी मला पेढे आणायला पैसे दिले.

त्यानंतर लग्नाच्या ब्लाउजचं माप घ्यायला मी तिला बोलावलं. आतल्या खोलीत, दार लावून. टेप तिच्या खांद्यावर ठेवला. खांद्यापासून मनगटापर्यंत ते पांढरे तुकडे मी कितीतरी वर्षांनी इतक्या जवळून बघितले. एक कोपराजवळ, नकाशासारखा. मी बाहीवर शिवलेला तसाच होता, कडेला तसाच नागमोडी.

"बाह्या पूर्ण घे," ती म्हणाली. "हळदीच्या साडीवरच्या पण. त्या दिवशी म्हणावं, मला हळद सोसत नाही, तोंडाला तेवढी लावा."

मी म्हणाले, "तू म्हणशील तर मी आत्याला सांगते, तिकडं खरं सांगून टाक म्हणते."

"आता कशाला, मम्मी?" ती रागावली नव्हती. गिऱ्हाइकासारखी बोलत होती. "माप लिही."

मी लिहिलं. याच वहीत, पुढच्या बाजूला आहे.

काल दुपारी ती कॉलेजला गेल्यावर मी तो झगा काढला. गॅसवर चहा ठेवला आणि बांगडीतली पिन काढून डाव्या बाहीचा मुंढा उसवायला घेतला. चहा उतू जायच्या आत ती बाही सुटली. दुसरी पण उसवली. कापडाला कुठं इजा झाली नाही, फक्त टाक्यांची बारीक भोकं राहिली. झगा मी तिच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला. संध्याकाळी ती आली, तिनं तो बघितला. थोडा वेळ त्याचा मुंढा दोन बोटांत धरून उभी राहिली. मग घडी घालून कपाटात अगदी खाली ठेवून दिला, जुन्या रजयांच्या खाली.

नणंद म्हणते, लग्न झालं की मुलगा समजून घेईल, तेव्हा तिनं तिथं एकटीनं सांगावं. त्या दिवशी मुलाची आई छातीला हात लावून हसली होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मुलाच्या आईचा नंबर मी नणंदेच्या मोबाइलवरून बघून घेतला आहे. इथंच लिहून ठेवला आहे, पोरीच्या मापाच्या खाली. हाताचं आपणच सांगून टाकावं म्हणून आज दोनदा फोन हातात घेतला. फोनवर मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, पहिलं वाक्य काय बोलायचं तेच सुचत नाही.

ब्लाउजचं अंग शिवून झालं आहे. बाह्या कापलेल्या आहेत, मशीनवर पडल्या आहेत. त्या अजून लावलेल्या नाहीत.